कोरड्या गाठींची रेघ

ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. घरी नाही, कचेरीत नाही, ज्याच्या दुकानात वीस वर्षं चहा पितो त्या मित्रालाही नाही. चार वर्षांपूर्वी भरल्या सभेत पडद्यावर मी काढलेला आलेख झळकत होता, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतर थोड्याच वेळात मला कळलं की आलेखातली रेघ उलटी आहे. विहिरीचं पाणी वर चाललेलं दिसत होतं आणि खरं तर ते खाली चाललं होतं. कळलं, आणि मी गप्प बसलो. चूक पुढे मी मान्य केली, पण "आत्ता लक्षात आली" असं सांगून. ते खोटं आहे. ती मला त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर लक्षात आली होती.

हे लिहिताना मला भीती वाटत नाही. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदाचं मोकळं होतं आहे.

मी तालुक्याच्या गावी एका कचेरीत आकडे भरायचं काम करतो. पाऊस, पेरा, शौचालयं, जनावरांच्या लसी, जे येईल ते. मी कमी बोलणारा माणूस. आकडे भरणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे माझं बरं चाललं होतं. मग एका फेब्रुवारीत साहेबांनी बोलावलं. कळंबच्या पुढे डोंगराच्या कडेला एक गाव आहे, तिथे काही वर्षांपासून नाला खोलीकरण आणि बंधाऱ्यांची कामं चालू होती. होळीच्या आधी त्या गावात सभा होती आणि उन्हाळ्यात कोणत्या विहिरी खोल करायच्या, ते तिथे ठरणार होतं. साहेबांना पाऊस आणि विहिरीचं पाणी दोन्ही एका कागदावर हवं होतं. दोन कागद दिले की लोक पहिलाच बघतात आणि दुसऱ्याने वारा घेतात, असं ते म्हणाले.

पावसाचे आकडे माझ्याकडे होते. विहिरीचे कोणाकडेच नव्हते. गावात विचारलं तर जो तो हाताने हवेत उंची दाखवायचा, मागच्या साली इथवर होतं, औंदा इथवर. शेवटी ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणाला, तांड्यावर जा, तिथल्या म्हातारीकडे दोऱ्यात बांधून ठेवलेलं आहे.

तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, गावापासून दीड किलोमीटर. मी गाडी लावली तेव्हा ती ओसरीवर तूर पाखडत बसली होती. साठीच्या पुढची, हातात कोपरापर्यंत बांगड्या. तांड्यावर तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. माझ्या हातातली वही बघूनही तिने सूप खाली ठेवलं नाही.

"पाणी पुसाले आला का मत पुसाले?"

मी म्हटलं, पाणी. तेव्हा हसली आणि म्हणाली, "मंग बस."

त्या तांड्याची एक रीत आहे. धुळवडीच्या सकाळी, कोणी कोणावर रंग टाकायच्या आधी, सगळे विहिरीवर जमतात. याडी दोर सोडते. दोराच्या टोकाला ट्रॅक्टरचा जुना नट आणि हातहाताच्या अंतरावर गाठी, हात म्हणजे तिचा स्वतःचा, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. नट पाण्याला टेकला की काठाशी चिमटीत दोर धरायचा, वर ओढायचा आणि सगळ्यांनी मिळून मोठ्याने गाठी मोजायच्या. मोजणी होईपर्यंत रंगाला हात लावायचा नाही. हे काम तिला सासूकडून आलं होतं. मोजून झालं की ती घरी येऊन एका दोऱ्याला तेवढ्याच गाठी मारते आणि दाराआडच्या खिळ्याला लटकवते. कांचळीच्या, म्हणजे चोळीच्या, भरतकामातून उरलेले दोरे, लाल, हिरवे, पिवळे. आधीचे दोरे घर शाकारताना गेले होते. सात उरले होते, लटकवल्याच्या क्रमाने. मी एकेक खाली काढून मोजायला लागलो.

"या गाठी पाण्याच्या ना?" मी विचारलं.

"कोरड्या," ती म्हणाली. "ओल्या कोन मोजते भिया? पान्याखालचं कोनाले दिसते? दोर जेवढा कोरडा येते तेवढाच मोजाचा."

इतकं स्वच्छ सांगितलं होतं तिने. मी वहीत पहिल्या आकड्याआधी 'को.' असं लिहिलंही. को. तेरा. पुढच्या आकड्यांना ते लिहायचा कंटाळा केला. चौदा, चौदा, सोळा, सतरा, एकोणीस, एकवीस. ती वही माझ्याकडे आहे. तो 'को.' अजून तिथे आहे.

म्हणजे तेरा हात खाली गेलं की पाणी लागायचं ते सात वर्षांत एकवीस हातांवर गेलं होतं. हे मला तिच्या ओसरीवर पूर्ण समजलेलं होतं. मी तिला म्हणालोसुद्धा, लयच उतरलं याडी. ती म्हणाली, त्याच्यासाठीच तर लिहून ने.

मग मी कचेरीत आलो आणि कॉम्प्युटरपुढे बसलो, आणि तिथून पुढे मला विहीर दिसेनाशीच झाली. दिसत राहिला तो फक्त आलेख.

अडचण साधी होती. पाऊस मिलिमीटरमध्ये, आकडे आठशे, नऊशे, हजार. विहीर हातात, आकडे तेरा ते एकवीस. दोन्ही एका आलेखात टाकले की पावसाचे निळे खांब छताला टेकायचे आणि विहिरीची रेघ तळाशी मुंग्यांच्या रांगेसारखी सपाट पडायची. तेरा काय नि एकवीस काय, हजाराच्या पट्टीवर सगळं सारखंच. दोन दिवस मी तिच्याशी झगडलो. विहिरीच्या आकड्यांना पन्नासने गुणून पाहिलं. रेघ वर आली, पण आकडे खोटे झाले, म्हणून ते पुसून टाकलं. खोट्याची तेव्हा मला इतकी लाज होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्टँडजवळ मिस्त्रीच्या दुकानात गेलो. मिस्त्री म्हणजे माझा मित्र, जळलेल्या मोटारींचं वायंडिंग करतो. त्याचे अब्बाही तेच करायचे. मी माझं रडगाणं सांगितलं. एका चित्रात दोन मापं कशी बसवायची, एक हजारातलं आणि एक विसातलं.

"बस, येवढंच?" तो म्हणाला आणि त्याने त्याचं काट्याचं मीटर माझ्यापुढे सरकवलं. डायलवर एकावर एक तीन कमानी होत्या, प्रत्येकीवर वेगळे आकडे. "काटा एकच. पन कोनत्या कमानीवर वाचून राह्यला ते आंधी ठरवाचं. व्होल्ट पाहाचे त खालची, ओहम पाहाचे त वरची. आन वरची उलटी हाये, ध्यानात ठेव. तिचा झिरो उजवीकडं."

शेवटची दोन वाक्यं माझ्या कानावर पडली, डोक्यात गेली नाहीत. माझ्या डोक्यात एकच दिवा लागला होता: एकाच चित्राला दोन कमानी असू शकतात. विहिरीला तिची स्वतःची कमान द्यायची. चहा अर्धा टाकून मी उठलो. मिस्त्री मागून ओरडला की कोणाची मोटार जळली का.

जेवणाची सुट्टी होती. कचेरीत आवक-जावक बघणाऱ्या बाई डबा खात होत्या. मी शीट उघडली. आधी तर ती रेघ माउसच्या तावडीत येईना, तळाला इतकी चिकटलेली की दर वेळी खांबच पकडले जायचे. शेवटी सापडली. राईट क्लिक केलं. यादी उघडली. सगळ्यात खाली फॉरमॅट, आणि त्याच्यात एक बारीक गोल, त्याच्यापुढे लिहिलेलं सेकंडरी अ‍ॅक्सिस. इतकी वर्षं त्या यादीवरून माझी नजर गेली असेल, पण तो गोल मला कधी दिसला नव्हता. मी गोलावर टिचकी मारली.

काय सांगू. उजव्या बाजूला आकड्यांची एक नवीन शिडी उगवली आणि ती मेलेली रेघ ताडकन उठून उभी राहिली. पावसाचे खांब जिथल्या तिथे आणि त्यांच्या अंगावरून ही लाल रेघ, तेरा, चौदा, चौदा, सोळा, अशी पायऱ्या चढत गेलेली. माझ्या छातीत असं काही झालं की मी खुर्चीवरून उठलो. बेचाळीस वर्षांच्या माणसाने कचेरीत भर दुपारी नाचायचं नसतं म्हणून नाचलो नाही. बाईंना म्हटलं, बघा, बघा. त्या डब्यासकट आल्या, चष्मा वर केला, म्हणाल्या, "छान आहे हो. कशाचं आहे?"

मग मी त्याला नटवायला बसलो. शिडी शून्यापासून सुरू होत होती, मी ती दहापासून सुरू केली, कारण मग चढ आणखी देखणा दिसायचा. रेघ जाड केली, प्रत्येक वळणावर टिकली लावली. उजव्या बाजूला नाव दिलं, विहिरीतील पाणी, कंसात हात. कोरडा हा शब्द त्या उभ्या जागेत मावत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो मला आठवलाही नाही. गाठी मोजताना मला ठाऊक होतं की आकडा वाढला म्हणजे पाणी गेलं. रेघ काढताना मला फक्त एवढं दिसत होतं की ती चढते आहे, आणि चढणारी रेघ कोणाला आवडत नाही?

साहेबांना तर फारच आवडली. पाऊस तेवढाच आणि पाणी वर्षागणिक वर, म्हणजे बंधाऱ्यांचं काम सार्थकी लागलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आमच्या कचेरीत हात फक्त फायलींवर ठेवले जातात.

सभा ग्रामपंचायतीच्या सभागृहात होती. भिंतीवर पांढरी चादर ताणून प्रोजेक्टर लावला होता. समोर गावचे लोक, मागे तांड्यावरचे, त्यांच्यात याडी. साहेबांनी मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. त्यांनी आलेख समजावला, डावीकडे पाऊस, उजवीकडे विहीर, एकाच चित्रात दोन मापं, असं आपल्या तालुक्यात पहिल्यांदा होतं आहे, आणि हे काम करणारा माणूस हा बसला आहे. मला उभं केलं. टाळ्या पडल्या. आयुष्यात माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या. साहेब म्हणाले, तांड्याच्या विहिरीचं पाणी सात वर्षांत इतकं वाढलं, तर खोलीकरणाच्या यादीतून ती विहीर काढून दुसऱ्या गरजू विहिरीला संधी देऊ.

मागून याडी उठली.

"सायेब, पानी त खाली चाललं."

साहेब हसले, म्हणाले, आजी, हे बघा, रेघ कुठे चालली आहे. तिने चादरीकडे बघितलं. मीही वळून बघितलं, आणि उजवीकडच्या त्या शिडीकडे बघताना मिस्त्रीचं मीटर डोळ्यांपुढे आलं. वरची कमान उलटी. तिचा झिरो दुसऱ्या बाजूला. एकवीस कोरडे हात आणि मी ते पाणी म्हणून उभे केले होते. एका क्षणात सगळं उलगडलं. आणि विचित्र असं की त्या क्षणीही मला पहिल्यांदा आनंदच झाला, गणित सुटल्याचा आनंद. दुसऱ्या क्षणी ध्यानात आलं की याडी मागे अजून उभी आहे.

साहेबांनी विचारलं, आकडे कोणी दिले होते? याडी म्हणाली, मीच. सभागृहात हसू फुटलं. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, मग मोजताना दोर चुकला असेल आजी, वय झालं की होतं. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"भिया, तूच त मोजल्या ना गाठी. सांग ना."

मी म्हणालो, "तुम्ही दिले तेच आकडे आहेत."

यात एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच ते वाक्य मला इतकी वर्षं पचलं नाही. ती खाली बसली. तांड्यातल्याच कोणीतरी मागून टोमणा मारला की याडीले आता गाठी दिसत नाही, चष्मा लावा लागते. पुन्हा हसू. मी माझ्या खुर्चीवर बसलो होतो, आणि खरं सांगतो, माझे कान अजून टाळ्यांनी गरम होते.

काहून गप्प बसलो? साहेबांची भीती होती, माझी नोकरी कंत्राटी, ती जाण्याची होती, हे सगळं होतंच. पण मुळात मला तो आलेख मोडायचा नव्हता. माझ्या हातून पहिल्यांदा काहीतरी सुंदर झालं होतं.

तांड्याची विहीर यादीतून गेली. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या तीन उन्हाळ्यांत तिथल्या बायका खालच्या वावरातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या, चढ चढून. दर वर्षी त्यांचा अर्ज यायचा. दर वर्षी फायलीत माझा आलेख लागलेला असायचा आणि अर्ज परत जायचा. तो परत गेल्याची नोंद मीच भरायचो.

यंदा साहेब बदलले. अर्ज पुन्हा आला, आणि टेबलावर पडलेला तो कागद बघून मला काय झालं कोण जाणे, मी ती जुनी शीट उघडली. उजव्या शिडीवर राईट क्लिक केलं. त्या यादीत खाली एक चौकोन आहे, आकडे उलट्या क्रमाने दाखवा असा. मी त्यात खूण केली. रेघ गर्रकन पालथी झाली. शिडीचा मोठा आकडा तळाशी गेला, लहान वर आला, आणि लाल रेघ विहिरीत उतरत जावी तशी उतरत गेली. पाऊस तेवढाच आणि पाणी खोल, खोल, खोल. चार वर्षांचं खोटं, आणि ते सरळ करायला एक टिचकी. माझ्या छातीत पुन्हा तीच धडधड सुरू झाली, त्या पहिल्या दुपारसारखी. मी नावही बदललं: काठापासून पाण्यापर्यंत, कोरडे हात. अक्षर लहान केलं तर सगळं मावलं. पहिल्यांदाही मावलं असतं.

प्रिंट घेऊन मी तसाच नव्या साहेबांकडे गेलो. इतकं भराभर मी कचेरीत कधी बोललो नव्हतो. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघितले आणि विचारलं, हे कधी लक्षात आलं? मी म्हणालो, आत्ताच. ते म्हणाले, होतं असं. आणि त्यांनी विहीर यादीत घेतली. मे महिन्यात काम झालं. खाली कातळ फोडला, झरा लागला. मी तिथे उभा होतो. पाण्याचा गढूळ फेस बघून पोरी किंचाळल्या आणि मीही त्यांच्याबरोबर हसत सुटलो.

मग याडीच्या घरी गेलो. प्रिंट तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही, पण तिने बोट रेघेवर ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे फिरवत नेलं, एकेका टिकलीवर थांबून. शेवटच्या टिकलीवर बोट टेकवून म्हणाली, बरोबर, इथी एकवीस होत्या. हा आलेख पहिल्यांदा कोणीतरी खरोखर वाचत होतं.

मी विचारलं, पुढचे दोरे कुठे आहेत. तिने दाराकडे मानेने दाखवलं. सातच होते. सभेनंतरच्या धुळवडीला ती दोर घेऊन विहिरीवर गेली होती, पण मोजायला कोणी थांबलं नाही. तिने दोर सोडायच्या आधीच रंग सुरू झाला. त्यानंतर ती गेली नाही. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मग तिने प्रिंट घडी घालून मांडीवर ठेवली.

"तुले कवा समजलं भिया, का रेघ उलटी हाये मनून?"

तिच्या घरात तेव्हा आम्ही दोघंच होतो. ऐकणारं कोणी नव्हतं, साहेब नव्हते, टाळ्या नव्हत्या. खरं बोलायला यापेक्षा सोपी जागा मला मिळणार नव्हती.

मी म्हणालो, "या वर्षीच. आत्ता आत्ता."

ती म्हणाली, "बरं." आणि चहा ठेवायला उठली.

विहिरीला पाणी लागलं, त्यामुळे हिशोब मिटला असं मला काही दिवस वाटत होतं. मिटलेला नाही. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी तिला अजून देणं लागतो. आणि त्याच सभागृहात, गावच्या आणि तांड्याच्या त्याच लोकांपुढे उभं राहून हे सांगणं लागतो की दोर बरोबर होता, गाठी बरोबर होत्या, रेघ मी उलटी काढली होती आणि मला ते त्याच दिवशी माहीत होतं. यातलं अजून काहीच मी केलेलं नाही.